ठिपके विम्यात बसत नाहीत

पहिला ठिपका मला दिसला तो एका पांढऱ्या साडीवर. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात माझं फॉल-पिकोचं छोटंसं काम आहे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीशी दोरीवर टाकलेल्या साड्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना टेकायला एक बाकडं, एवढाच पसारा. ती साडी शाळेतल्या एका बाईंची. निरोप समारंभाला नेसायची म्हणून फॉल लावायला आलेली. सुई ओवून बसले आणि पदराजवळ बघते तर काळा डाग. जीव नुसता धसकला. मशीनचं तेल उडालं की काय! फडकं घेऊन पुसायला गेले तर डाग सरकला. हात तिकडे नेला, तर आणखी पुढे. अख्खा पदर मी त्याच्या मागे धावत होते आणि बाकड्यावर बसलेली शेजारीण माझ्याकडे टकामका बघत होती.

"काय वो काकू, काय हुडकताय? मुंगी हाय का?"

"अगं डाग पडलाय बघ."

"कुटं? मला तर काय बी दिसंना."

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. डाग भिंतीवर. आढ्याकडे पाहिलं, तर आढ्यावर. साडी घडी करून बाजूला ठेवली आणि शेजारणीसाठी चहा टाकला.

त्या दिवसापासून माझ्या डाव्या डोळ्यात ते बिऱ्हाड येऊन राहिलं. एक मोठा ठिपका, त्याला जोडून केसासारखी वाकडी तार आणि दोन-चार बारीक कण. डोळा फिरवला की सगळं लटांबर बरोबर फिरायचं. धरायला जावं तर पळायचं आणि नाद सोडावा तर मेलं समोर येऊन उभं. दोनदा मी नसलेल्या डासाला टाळी मारली. एकदा दुधात चिलट पडलं म्हणून वाटीभर दूध मांजरीला घातलं, तिनं चाटूनपुसून साफ केलं आणि रिकामी वाटी उचलते तर चिलट वाटीतच! हे बघून आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी बोलणं अजून वर्गातलंच. घरात भाजी आणायची यादीसुद्धा समास सोडून लिहितात. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाले आणि म्हणाले, "उद्या श्रीरामपूरला जाऊ. डोळ्याचं काम आहे, हयगय नको."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला काय होतंय हे डॉक्टरला हे सांगतात. मी नाही. लग्न झाल्यापासून तसंच चालत आलंय, आणि आमच्याच घरी असं नाही, आमच्या आळीत बहुतेक घरांची हीच तऱ्हा. बाई स्टुलावर बसते, जीभ दाखवते, हात पुढे करते आणि मागच्या खुर्चीवरून नवरा बोलतो, 'हिला दोन दिवस कसकस आहे, हिच्या तोंडाला चव नाही.' डॉक्टर प्रश्न मला विचारतात आणि बघतात यांच्याकडे. खरं सांगते, मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. माझं दुखणं यांना तोंडपाठ आहे, याचा थोडा तोराच होता म्हणा ना. बाकीच्यांचे नवरे बाहेर टपरीवर तंबाखू मळत उभे असायचे, माझा निदान आत यायचा.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून तपासलं. यांनी मागून सगळं सांगितलं, साडी, डास, मांजर, काही सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत एक जेलीसारखा भाग असतो, वय झालं की तो विरघळायला लागतो आणि त्याचे तुकडे तरंगतात. त्याला फ्लोटर्स म्हणतात. घाबरायचं काही नाही, हळूहळू सवय होते. यांचं त्यावर समाधान होईना. "यावर इलाज?" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, लेसरनं मोठे ठिपके फोडता येतात, नगरला मशीन आहे, पण सगळ्यांना गरज नसते. एकदा बसलं की पंधरा हजारांच्या आसपास जातात, आणि एकदाच बसून भागेल याची खात्री नाही. "आपला विमा आहे," हे ताबडतोब म्हणाले. डॉक्टर हसले. मग निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "एक मात्र लक्षात ठेवा. डोळ्यात विजेसारखं चमकायला लागलं, किंवा ठिपके एकदम वाढले, तर एक दिवस थांबू नका. लगेच या." हे तेव्हा पिशवीत फाईल कोंबत होते. पण त्यांनीही ऐकलं असणार, कारण बाहेर आल्यावर म्हणाले, "तसलं काही नाही म्हणजे सुटलो."

तिथून पुढे घरात विम्याचं युद्ध सुरू झालं. चार वर्षं आम्ही मेडिक्लेमचा हप्ता भरतोय आणि चार वर्षांत एकदाही काही घेतलेलं नाही, हे यांना फार लागायचं. पंधरा हजार आमच्याकडे नव्हते असं नाही. पेन्शन येते, माझी चार पैशांची कमाई आहे. पण प्रश्न तत्त्वाचा, असं यांचं म्हणणं. सकाळी आंघोळ, पूजा, नाश्ता आणि मग फोन. एक दाबा, दोन दाबा, थांबा. मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकायची.

"अहो, ठिपके म्हणजे ठिपके! डोळ्यात! … चोवीस तास ॲडमिट? ठिपक्यासाठी माणूस चोवीस तास दवाखान्यात झोपेल का? … बरं, ती तुमची डे-केअरची यादी वाचा. वाचा, मी लिहून घेतो. … मोतीबिंदू आहे ना त्यात? मग तो डोळा आणि हा काय गुडघा आहे का?"

यादीत मोतीबिंदू होता. डोळ्याच्या पडद्याचं लेसर होतं. ठिपक्यांचं लेसर नव्हतं. ते म्हणे गरजेचं धरत नाहीत, त्याच्यावाचून माणसाचं अडत नाही. ही बातमी मला सांगताना यांचा चेहरा असा झाला होता, जसा काही शाळेच्या तपासणीत शेरा वाईट आलाय. मी म्हटलं, "जाऊ द्या हो. मला सवय होतेय." तर माझ्यावरच डाफरले, "तू गप. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

ते खरं होतं, म्हणून मी पुन्हा सुई ओवली.

आणि मग तो शनिवार आला. लग्नसराई होती, साड्यांचा ढीग पडलेला. दुपारी मशीनवर बसले होते आणि डाव्या बाजूला काहीतरी लखकन चमकलं. मला वाटलं, मशीनचा दिवा फडफडतोय. दिवा बदलला. पुन्हा चमकलं. जरीचा काठ होता, म्हटलं जर चमकत असेल. सुती साडी घेतली, तरी तेच. मग ज्वारी काढायला कोठीच्या खोलीत गेले. तिथे खिडकी नाही, दार लोटलं की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही असा काळोख. पिंपावर वाकले, मान वळवली, आणि त्या काळोखात माझ्या डोळ्याच्या कडेला पांढरी कमान चमकली आणि विझली. हात तसाच पिंपात राहिला. मी पुन्हा मान वळवली. पुन्हा कमान.

डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. यांना सांगायचं म्हणून मी तशीच बाहेर आले, हाताला ज्वारीची धूळ लागलेली, पदराला जाळं. हे दारापुढच्या ओट्यावर माझ्याकडे पाठ करून फोनवर होते.

"नाही नाही," हे म्हणत होते, "हिला तसलं काही होत नाही. विजा-बिजा काही नाही. नुसते ठिपके आहेत. … अहो मी सांगतोय ना! मी तिचा नवरा आहे."

मी दारात उभी होते. चार पावलांवर. त्यांनी मागे वळून नुसतं विचारलं असतं, 'काय गं, चमकतं का काही?' तरी मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. इतक्या खात्रीनं, इतक्या ठसक्यात सांगून टाकलं की माझं सांगायचं राहूनच गेलं. मला भीती वाटत होती आणि त्याच क्षणी मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, बरं. माझ्या डोळ्यात काय होतं ते तुम्हालाच ठाऊक असेल तर असू दे. मी आत गेले आणि ज्वारी निवडायला बसले.

आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. साठीला टेकलेली बाई, डोळ्यासारखा डोळा पणाला लावून रुसून बसली. पण होतं ते होतं. मनाशी धरून बसले होते की हे विचारतील तेव्हा सांगायचं, तोवर नाही. माहेरी आम्ही बहिणी अशाच हट्टी. न्हाई म्हंजे न्हाई.

आणि हे विचारत होते की हो, रोज! सकाळी चहाचा कप घेताना, "ठिपके आहेत का गं अजून?" मी म्हणायची, "आहेत." की झालं, चालले फोनकडे. 'आणखी काही?' एवढे दोन शब्द पुढे विचारायला त्यांचं काय जात होतं? सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी फोडणीतली मोहरी उडावी तसे डोळ्यात नवे बारीक ठिपके उडाले. मी गॅस बंद केला, ओट्याला धरून उभी राहिले, आणि उजवा डोळा झाकून डाव्यानं खिडकीबाहेरचा पेरू बघितला. दिसत होता. पानं दिसत होती. म्हटलं, दिसतंय ना अजून. रोज मी तसं करायला लागले. उजवा डोळा झाकायचा आणि पेरूची पानं बघायची. भीती इतकी की सुई ओवायच्या आधीही डोळा झाकून बघायची, आणि हट्ट इतका की तोंड उघडायचं नाही. या दोन्हीत मी शुक्रवारपर्यंतचे दिवस काढले.

शुक्रवारी विमावाला आला. आम्हाला पॉलिसी यानंच विकलेली. यांचा जुना विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप, पण यांच्यापुढे अजून खुर्चीच्या कडेला टेकून बसतो. यांनी त्याला असा फैलावर घेतला की बिचाऱ्याला घाम फुटला.

"गुरुजी, माझं ऐका तर खरं," तो म्हणाला. "ठिपक्यांचं लेसर न्हाई बसत. कुठल्याच कंपनीत बसंना बहुतेक. पडद्याला काही झालं असलं, चीर-बीर गेली असली, तर ते लेसर बसतं. पण ते डॉक्टरनं तपासून लिहिलं पाहिजे. आणि पेशंटला विचारतात ना ते, काय होतं, कधीपासून. ते पेशंटच्या तोंडूनच आलं पाहिजे. तुमी बोलून न्हाई चालायचं."

तो साधं खरं ते सांगत होता. पण मी यांचा चेहरा पाहिला आणि ओळखलं की यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं.

रविवारी सकाळी मशीनच्या खोलीत मला बोलावलं. बाकडं भिंतीला सरकवलेलं, समोर खुर्ची, खुर्चीवर हे. हातात वहीचा कागद.

"बस," म्हणाले. "उद्या नगरला जायचंय, नंबर लावलाय. मी डॉक्टर, तू पेशंट. मी विचारतो, तू उत्तर दे."

"हे काय नाटक?"

"नाटक नाही. थोडी तयारी." माझ्याकडे बघणं टाळत होते. जन्मात कधी खोटा हजेरीपट सुद्धा न भरलेला माणूस, कान लाल झाले होते त्यांचे. "हे बघ, ठिपके काढायचेत ना तुझे? मग एवढं एक वाक्य म्हणायचं. तुला चमकतं, असं. म्हणजे पडद्याचं दुखणं वाटेल. दोन दिवसांपासून. बस्स. मला पटत नाही, पण कंपनीवाले तरी कुठे सरळ वागतात?"

मला रडावं की हसावं कळेना.

"सांगा, काय त्रास होतोय?" हे डॉक्टरच्या आवाजात म्हणाले.

"ठिपके दिसतात."

"आणखी?"

आठ दिवस ज्या शब्दाची मी वाट बघत होते, तो यांनी उच्चारला तो असा. कागद हातात धरून, खोटा डॉक्टर होऊन.

"चमकतं," मी म्हटलं.

"पूर्ण वाक्य. 'मला प्रकाशरेषा चमकताना दिसतात.' कोणत्या डोळ्यात?"

"डाव्या. कानाकडच्या कडेला. मान वळवली की जास्त. पांढरी कमान असते, अर्ध्या बांगडीएवढी, आणि लगेच विझते. अंधारात जास्त दिसते. कोठीत गेले की नक्की. आणि बुधवारपासून बारीक ठिपके वाढलेत, मोहरी उडाल्यासारखे."

माझा आवाज चिरकला. मला वाटलं, आता. आता कळेल यांना. हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

"वा!" म्हणाले. "अगं, काय सांगतेस तू! मी एवढं लिहिलंसुद्धा नव्हतं. बांगडी काय, कोठी काय! शाब्बास. फक्त एवढं लांबण नको लावू, उद्या विसरलीस तर पंचाईत."

शाब्बास म्हणाले मला. खुशीत येऊन उठले आणि स्वतः चहा टाकायला गेले. मी त्या बाकड्यावर बसून राहिले. ओरडून सांगावं, अहो हे खरं आहे! पण त्या शाब्बासनं हट्ट पुन्हा चढला. उद्या नगरला जायचंच आहे, डॉक्टर बघतीलच, अशी मनाची समजूत घातली. आतून एक चहाचा कप आला, साखर दुप्पट, आणि तो मी मुकाट्यानं प्याले.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघालो. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. राहुरीच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, गाडी अशी आदळत होती की बायका सीटचे दांडे धरून देवाचं नाव घेत होत्या. प्रत्येक आदळण्याला माझ्या डोळ्यात कमान चमकत होती. हे शेजारी बसून हळूच म्हणत होते, "दोन दिवसांपासून म्हणायचं. दोन."

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. थेंब टाकून तासभर बसवलं, मग आत बोलावलं. हे सवयीनं मागच्या खुर्चीवर बसले आणि सवयीनं तोंड उघडलं, "हिला..." आणि विमावाल्याचं आठवून खटकन मिटलं. डॉक्टर बाई माझ्याकडे वळल्या.

"काय होतंय काकू?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणी डॉक्टर मला विचारून माझ्याकडेच बघत होतं. शिकवलेलं वाक्य पार पुसलं गेलं. प्रकाशरेषा वगैरे काही आठवेना. तोंडातून माहेरचंच निघालं.

"चमकतंय हो बाई डाव्या डोळ्यात. लई चमकतंय. मला भ्या वाटतंय."

"किती दिवस झाले?"

"नऊ दिस झालं."

"दोन," मागून हे पुटपुटले. "दोन दिवस."

"नऊ," मी मागे न बघता म्हटलं. "शनिवारी दुपारी सुरू झालं. मी दिवा बदलून पाहिला. कोठीत जाऊन पाहिलं. रोज एक डोळा झाकून बघते, दिसतंय का ते." आणि मला रडूच कोसळलं. डॉक्टर बाईंनी माझा हात धरला.

त्यांनी डोळ्यावर भिंग धरून बराच वेळ पाहिलं. वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा. मग दिवा बाजूला करून म्हणाल्या, "काकू, पडद्याला चीर गेलीय. घोड्याच्या नालेसारखी आहे. पडदा अजून सुटलेला नाही, नशीब समजा. चिरेच्या भोवतीनं लेसर मारून आपण तो जागेवर धरून ठेवू. पण आज, आत्ता. उद्या म्हणू नका."

"म्हणजे... खरंच चमकत होतं?" हे म्हणाले. कुणाला विचारत होते कोण जाणे.

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की हे लेसर वेगळं आणि ठिपक्यांचं वेगळं. ठिपके राहतील, त्यांच्या मागे लागायचं नाही, सवय करायची. हा डोळा वाचवायचाय. बाहेर खिडकीवरची मुलगी म्हणाली, पॉलिसी असेल तर मंजुरीला पाठवते, पण यायला संध्याकाळ होईल, थांबता का? महिनाभर ज्या मंजुरीसाठी यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, ती मंजुरी. मी आतून ऐकलं, हे मोठ्यानं म्हणाले, "खड्ड्यात गेली मंजुरी! आधी तिचा डोळा शिवा!"

पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं. हिरवा झगझगीत उजेड आणि मध्येच सुई टोचल्यासारखी कळ. हलायचं नाही, एवढंच सांगितलेलं. मी हलले नाही. बाहेर आले तेव्हा सगळं धूसर होतं, तरी बाकावरची यांची टोपी ओळखू आली. मला बघून उभे राहिले आणि माझ्या हातातला रुमाल घेऊन खिशात घातला.

परत येताना एसटी नाही. यांनी गाडी ठरवली! रिक्षाला सुद्धा घासाघीस करणारा माणूस, नगरपासून घरापर्यंत गाडी. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, काही दिवस धक्के नकोत. हे माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश. घाई नाही." खड्डा दिसला की यांचा तळहात माझ्या डोक्याच्या मागे यायचा. बेलापूर येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही. राहुरीत उसाच्या रसाला थांबलो तेव्हा ग्लास माझ्या हातात देण्याआधी त्यांनी खिशातला माझा रुमाल काढून त्याची कड पुसली, आणि माझा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

चार दिवसांनी पुन्हा दाखवून आलो. चीर धरलीय, म्हणाल्या. ठिपके आहेत तसेच आहेत. आत्ता हे लिहितानाही मोठा तो ओळीवरून चाललाय.

त्याच दुपारी हे क्लेमचा फॉर्म घेऊन बसले. विमावाला देऊन गेला होता, आता हे पडद्याचं म्हणजे बसेल बहुतेक, असं म्हणून. जाता जाता हेही म्हणाला होता की लक्षणं दोन-तीन दिवसांचीच लिहा गुरुजी, उशीर का केला म्हणून फाटे फोडायला नकोत. गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म यांनी भरून दिलेत. माझं वय, पॉलिसीचा नंबर, जन्मतारीख, आमच्या वेळच्या सगळ्यांची असते तशी एक जून, सगळं सरसर लिहीत गेले. मी समोर भेंडी चिरत होते. एकाएकी पेन थांबलं.

"लक्षणे प्रथम केव्हा जाणवली," यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "शनिवारी म्हणालीस ना. कुठल्या वेळेला?"

"दुपारी. तुम्ही ओट्यावर फोनवर होतात."

ते त्या दुपारपर्यंत पोचले. मला दिसलं, ते पोचले. आपण फोनवर काय बोलत होतो ते त्यांना आठवलं.

"तू तिथे होतीस?"

"दारात."

"मग मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही सांगून टाकलं होतं की त्यांना," मी म्हटलं. "मग मी काय सांगायचं?"

बोलायला नको होतं, पण बोलून गेले. यांनी फॉर्म जवळ ओढला. मग त्या चौकटीत शनिवारची तारीख लिहिली, आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नऊ दिवस उशीर झाला. कारण, मी विचारले नाही.' मी म्हटलं, "अहो, असं कोणी लिहितं का? पैसे द्यायचे नाहीत ते." तर म्हणाले, "न देवोत." पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग मला विचारलं, हळू, वर्गातला आवाज नाही, दुसराच:

"आणखी काय दुखतं गं तुझं?"

विळीवरचा माझा हात थांबला.

"गुडघा," मी म्हटलं. "उजवा. तीन वर्षं झाली. आणि मशीनवरून उठले की कंबरेत कळ येते. आणि रात्री हाताला मुंग्या येतात."

यांनी फॉर्म बाजूला सरकवला, कोरा कागद ओढला आणि पेन उचललं.

"अहो, ते नका लिहू," मी म्हटलं. "ते विम्यात नाही बसायचं."

"ठाऊक आहे," म्हणाले. "तू सांग."